पावसात वाळका पाला

१

मंगळवार पेठेत आमचं ताडपत्रीचं दुकान आहे. पाऊस लांबला की तात्यांचा चेहरा उतरतो आणि पाऊस लागला की उजळतो. तात्या म्हणजे तात्यासो मगदूम, माझे वडील. शिरोळकडचे बागायतदार ट्रॅक्टरचे हूड शिवून घ्यायला आमच्याकडे येतात, मांडववाले येतात, टेंपोवाले येतात. पाणी आत कुठून येतं आणि ते बाहेर कसं ठेवायचं, आमच्या घरात आजोबांपासून एवढाच एक विचार चालू आहे. मला तर त्याचं वेडच आहे. स्नेहल म्हणते, की मी तिला बघायला गेलो होतो तेव्हा मुलीकडं कमी आणि छताच्या कोपऱ्यातल्या ओलीकडं जास्त बघत होतो. खोटं नाही ते. कोपरा गळत होता.

दोनेक वर्षांपासून ट्रेकला जाणारी पोरं दुकानात हॅमॉक विचारायला यायला लागली. हॅमॉक म्हणजे शेवटी झोळीच. दोन झाडांना बांधायची आणि आत झोपायचं. मी पॅराशूटचं कापड आणलं, जाड शिलाईच्या मशीनवर तीन झोळ्या शिवल्या, प्रत्येकीवर टाकायला हलकं छत शिवलं. गच्चीवर टांगून वरून पाइपनं पाणी सोडलं. एक थेंब आत आला नाही. पण पाइपचं पाणी म्हणजे पाऊस नव्हे, हे मलाही कळत होतं.

माझा कॉलेजपासूनचा मित्र ज्ञानू नेसरीचा. म्हशी आहेत, दुधाचा धंदा आहे, आणि आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. त्याची मावशी, शालूबाई, गगनबावड्याच्या अलीकडं एका वाडीत राहते. तिच्या भातशेतीच्या वर तिचंच रान आहे.

ज्ञानू म्हणाला, "पाऊस पायजे न्हवं तुला? मग मावशीच्या रानात चल. तितं पाऊस पडत न्हाय, वततो."

स्नेहल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिला सुट्टी होती आणि ती कधीपासून बाहेर पडायला टपलेलीच होती. अडचण आईची होती. चातुर्मास लागला होता. या दिवसांत रानात पाय ठेवला तर पायाखाली किती जीव जातील, असं तिचं म्हणणं. स्नेहलनं तिला शांतपणे सांगितलं, की आम्ही झाडाला टांगून झोपणार, जमिनीवर पायच ठेवणार नाही. आईनं बराच वेळ विचार केला आणि दशम्या करायला घेतल्या.

२

रान म्हणजे फार दाट नव्हतं. जांभूळ, हिरडा, अंजन, मधून मधून जांभ्या दगडाचे थर. खाली पाय पडेल तिथं लाल चिखल. वाडीतून वर चढून यायला अर्धा तास लागला आणि तेवढ्यात आम्ही तिघंही नखशिखान्त भिजलो.

मला हुरूपच आला. मी आधी छतं बांधली. पावसात पहिलं छत, मग बाकी सगळं. छताखाली झोळ्या टांगल्या. झोळीच्या दोरीवरून पाणी घरंगळत आत येतं, म्हणून प्रत्येक दोरीला झोळीच्या अलीकडं सुतळीचा तुकडा बांधला. पाणी सुतळीवर येतं आणि तिथून खाली ठिबकतं. ज्ञानू ते बघून म्हणाला, की म्हशीच्या शेपटीसारखं दिसतंय. छताच्या एका कोपऱ्याखाली बादली लावली, म्हणजे प्यायच्या आणि हातपाय धुवायच्या पाण्याची सोय झाली.

मग मी दोघांना नियम सांगितले. छताचं एक टोक ओल्या सामानाचं, दुसरं कोरड्याचं. दोन्ही मिसळायचं नाही. बूट झोळीखाली प्लास्टिकवर, पालथे. झोपायचे कपडे बंद पिशवीत, आणि ते घालून पावसात जायचं नाही, मेलो तरी. सकाळी उठून कालचेच ओले कपडे परत अंगात घालायचे. हा शेवटचा नियम ऐकून ज्ञानूनं माझ्याकडं असं बघितलं, की याला इथंच सोडून जावं.

त्याचं वजन शंभरीकडं झुकलेलं. तो पहिल्यांदा झोळीत बसला तेव्हा दोरी सरकली आणि तो मावशीनं दिलेल्या चादरीसकट चिखलात बसला. स्नेहल इतकी हसली, की तिला झाडाला धरावं लागलं. मी दोरी परत बांधली. चादर चिखलानं थबथबली होती, ती ओल्या टोकाला लटकावली.

आम्ही जैन, रात्री जेवत नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत जेवून घेतलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. आमच्याबरोबर आहे तोवर मटणाचं नाव काढायचं नाही असं ज्ञानूनं कबूल केलं होतं, आणि थोड्या थोड्या वेळानं तो आठवण करून द्यायचा, की त्यानं अजून नाव काढलेलं नाही.

रात्र छान गेली. छतावर पाऊस वाजत होता आणि मी आत कोरडा होतो. माझ्यासारख्या माणसाला आणखी काय पाहिजे. एकदा अर्धवट जाग आली तेव्हा झोळी हलत होती. अगदी मंद, एका लयीत. वारा असेल असं मनात आलं. इतकं बरं वाटत होतं, की पुढचा विचार करायच्या आत परत झोप लागली.

३

सकाळी बूट घालायला हात खाली नेला आणि थांबलो.

बूट स्वच्छ होते. वरून पुसलेले, ते ठीक. पण तळव्याच्या खाचांत काल लाल चिखल गच्च बसला होता, तोही नव्हता. काडीनं कोरून काढावा तसा काढला होता. आत हात घातला. कोरडे, आणि किंचित ऊबदार. कुणीतरी आत्ताच पायातून काढून ठेवले असावेत तसे.

मला वाटलं, स्नेहलनं केलं. माझ्या वेडाला हसत हसत ती कधी कधी असं काही करते. मी तिला थँक्यू म्हणालो. ती म्हणाली, की तीच मला म्हणणार होती, कारण तिचेही बूट तसेच होते. मग आम्ही दोघांनी ज्ञानूकडं बघितलं. त्यानं आयुष्यात स्वतःचे बूट पुसले नव्हते, आमचे कधी पुसणार. तो त्याचे स्वच्छ बूट हातात घेऊन उलटसुलट बघत होता.

स्नेहलनं लगेच मार्ग काढला. जोराचा पाऊस झाला, शिंतोड्यांनी चिखल धुऊन गेला. मी म्हटलं, मग बूट ओले पाहिजेत. ती म्हणाली, तुझी छतं चांगली आहेत म्हणून वाळले. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नव्हतं, पण माझ्या छताचं कौतुक होतं, म्हणून मी ते धरून ठेवलं.

आम्ही वरच्या सड्यावर, जांभ्याच्या उघड्या पठारावर फिरायला गेलो. ढगात चालत होतो. पुढच्याची पाठ दिसेना. जळवांनी ज्ञानूला पसंत केलं होतं आणि तो एकेकीला नावं ठेवत काढून टाकत होता. सड्यावर रानफुलं नुकती येत होती. स्नेहल वाकून वाकून बघत होती आणि गाणं गुणगुणत होती. तो सगळ्यात चांगला वेळ होता.

परत आलो तेव्हा ओल्या टोकाला काहीच लटकलेलं नव्हतं. कालचे टॉवेल, मोजे, ज्ञानूची चादर, सगळं ज्याच्या त्याच्या झोळीत ठेवलेलं होतं. घड्या घालून. चादर तर मी उचलून चारी बाजूंनी बघितली. चिखलाचा डागसुद्धा नव्हता. गगनबावड्याच्या पावसात काडेपेटी पेटत नाही, मीठ पाणी होतं, आणि इथं जाड सुती चादर कडक उन्हात वाळल्यासारखी खडखडीत होती. घडीही वेगळी होती. चारही कडा आत घेतलेल्या, बाळाचं दुपटं ठेवतात तशी.

ज्ञानू म्हणाला, की मावशी वर येऊन गेली असणार. तेच खरं असणार, असं आम्ही तिघांनी ठरवलं. तिनं चादर खाली नेली, चुलीवर वाळवली, परत आणून ठेवली. आम्ही सड्यावर किती वेळ होतो, एवढं होण्यासारखं होतं का, हे कुणी मोजायला गेलं नाही.

४

दुपारी जेवायला मावशीकडं उतरलो. चादर परत द्यायची म्हणून मी ती पिशवीत घालून पाठीला लावली होती.

शालूबाई चुलीपुढं बसली होती, एक पाय लांब करून. गुडघा सुजला होता. आम्ही आभार मानायला लागलो, तर तिला कळेचना कशाबद्दल. दोन दिवस ती गोठ्यापर्यंतसुद्धा गेली नव्हती, शेजारीण येऊन म्हशीची धार काढत होती. घरात दुसरं माणूस नव्हतं. वाडीतलं कोण या पावसात वर जाईल, असं तिनं उलट आम्हालाच विचारलं.

मी पिशवीतून चादर काढून तिच्या हातात दिली. तिनं घेतली, घडीकडं बघितलं, आणि गालाला लावली.

"ऊन हाय की," ती म्हणाली. "कोण निजलं हुतं हेच्यात?"

ज्ञानूनं सांगितलं, की कुणीच नाही. मी घाईनं म्हणालो, की चादर माझ्या पाठीला होती, पाठीची ऊब लागली असेल. मधे रेनकोट होता, पिशवी होती, आणि त्या रेनकोटात माझी पाठ गारठलेली होती, हे मला बोलता बोलताच आठवलं. 

 शालूबाई भिंतीला धरून उठली, लंगडत ओट्यापर्यंत गेली, आणि ती कोरडी चादर तिनं घडी न मोडता पागोळीखाली टाकून दिली. वरून पाणी पडायला लागलं आणि चादर काळपट होत गेली. धुवायचीच होती म्हणाली, आणि आम्हाला भाकरी वाढायला बसली. मुगाची उसळ झकास होती. ज्ञानूनं किती भाकऱ्या खाल्ल्या याचा हिशेब ठेवू नका, असं मावशीनंच सांगितलं. आम्ही परत हसायला लागलो.

निघताना ती एवढंच म्हणाली, की रात्रीला हितंच या. ओटा मोठा आहे.

५

आम्ही सामान आणायला वर चढलो. एवढं ठरलंच होतं, की आवरायचं आणि वाडीत झोपायला यायचं. भीती कुणाला वाटत होती असं नाही. स्नेहलला उलट मजा वाटत होती. माझं डोकं मात्र एकसारखं कारणं शोधत होतं. एखादा गुराखी असेल. कुणीतरी वेडसर असेल. सापडला तर त्याला दुकानात नोकरी द्यावी, असं ज्ञानू म्हणाला.

रान जवळ आलं आणि ज्ञानूनं हात वर करून आम्हाला थांबवलं. त्याचा हात वर आणि तोंड बंद, हे मी प्रथमच बघत होतो.

पाऊस धो धो पडत होता. पानांवर, जांभ्यावर, आमच्या टोप्यांवर, सगळीकडं पाण्याचाच आवाज. आणि त्या आवाजातून दुसरा आवाज येत होता. वाळक्या पाल्यावर पाय पडल्याचा. चर्र. मग थोडं थांबून परत, चर्र. मे महिन्यात रानात गुरं हिंडतात तेव्हा येतो तसा. महिनाभर पावसात भिजून पाला कुजून लगदा झाला होता. आमच्या पायाखाली तो नुसता दबत होता, वाजत नव्हता.

आम्ही झोळ्यांपाशी पोचलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं. छतं जागेवर, झोळ्या जागेवर. पण पलीकडं, दोन हिरड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, जमिनीवर एक तुकडा कोरडा होता. घोंगडी अंथरावी एवढा. भोवती सगळीकडं लाल पाणी वाहत होतं आणि त्या तुकड्याच्या कडेशी येऊन वळत होतं. त्यावरचा पाला पिवळा, कडक, कडा वर वळलेला.

मी वर बघितलं. फांदी नव्हती. ढग होते आणि त्यातून पाऊस येत होता.

स्नेहल जाऊन कडेला उकिडवी बसली. तिनं एक पान उचलून तळहातावर चोळलं. पानाचा भुगा झाला. मनगटावरून पावसाचं पाणी ओघळत होतं आणि तळहातावरचा भुगा कोरडाच होता. ती मला म्हणाली, की दगडाखाली काहीतरी उष्णता असेल, आणि हे कॉलेजातल्या पोरांना दाखवायला पाहिजे. बोलताना तिचे डोळे चमकत होते. मी खाली हात लावून बघितला. जमीन गरम नव्हती. ऊबदार होती, कुणीतरी बसून नुकतंच उठल्यासारखी.

ज्ञानू त्याची झोळी सोडायला लागला होता. तो कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "आवर, मर्दा. मला हिकडं बराच येळ कोण तरी बघतंय असं वाटतंय."

६

मी अंथरुणं पिशवीत भरत होतो. स्नेहल माझ्या मागं टॉवेल गोळा करत होती. पाला मधून मधून वाजत होता, कधी डावीकडं, कधी आमच्या मागं. मी तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. पिशवीचं तोंड बंद होत नव्हतं.

आवाज थांबला आहे, हे मला उशिरा कळलं. वळून बघितलं तर स्नेहल मागं नव्हती.

ती छताच्या बाहेर, त्या मोकळ्या जागेत उभी होती. आमच्याकडं पाठ. रेनकोट काढून टाकलेला. तिच्या पलीकडची झाडं पावसानं पुसट झाली होती आणि ती मात्र स्वच्छ दिसत होती. तिचा हळदी रंगाचा कुडता भिजला की काळसर होतो. आत्ता तो फिक्का होता, चैत्रात गच्चीवर वाळत घातल्यासारखा. वेणी सुटली होती. केस पाठीवर मोकळे होते आणि हलत होते. वाऱ्यानं नव्हे. एक बट उचलली जायची, पिळली जायची, हळूच खाली सोडली जायची. मग दुसरी. न्हाऊन आलेल्या मुलीचे केस पुसतात तसं. पुसणारा हात नव्हता.

मी वर बघितलं. पाऊस तिच्यापर्यंत येत नव्हता. तिच्या डोक्याच्या बराच वर थेंब कशावर तरी पडत होते आणि बाजूला घसरत होते. त्या घसरणाऱ्या पाण्यात मला क्षणभर एक कड दिसली. वाकलेल्या पाठीची. आणि त्या पाठीपासून खाली तिच्या केसांपर्यंत आलेली मान, असायला पाहिजे त्यापेक्षा खूप लांब. मग वाऱ्याचा झोत फिरला आणि तिथं नुसता पाऊस राहिला. मी एवढंच बघितलं. जास्त काही सांगितलं तर ते माझ्या मनचं होईल.

मी स्नेहलला हाक मारली. तिनं वळून बघितलं नाही.

"थांब जरा," ती म्हणाली. "होतच आलंय."

आवाज समाधानी होता. पण कागद चुरगळावा तसा फाटका.

मी धावलो. त्या जागेत पाय पडला, पाला वाजला, आणि पाऊस बंद झाला. बंद झाला म्हणजे त्याचा आवाजसुद्धा बंद झाला. दोरीवरून काढलेल्या ऊन ऊन कपड्यांचा वास आला. खरं सांगतो, फार छान वास होता. माझे ओले पाय ऊबदार झाले, खांदे सैल पडले, आणि मला वाटलं, घाई कशाला करायची.

तेवढ्यात मी स्नेहलचा चेहरा बघितला. ओठांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत रक्त नव्हतं. तिनं डोळे मिटायचा प्रयत्न केला, तर पापण्या अर्ध्यात अडकल्या. हात हातात घेतला तर हलका लागला, वाळलेल्या शेंगेसारखा. मी ओढलं. ती आली नाही. ती हट्ट करत नव्हती, तिला केसांनी धरून ठेवलं होतं, वरून, अगदी अलगद. मला ओरडायचं होतं, पण माझी जीभ टाळूला चिकटली होती. आणि मग माझ्याही केसांत काहीतरी फिरायला लागलं. हळू, मायेनं. माझी आई तेल लावायची तसं.

बादलीभर पाणी आमच्या अंगावर आलं.

ज्ञानूनं छताखालची बादली ओतली होती. मावशीनं ती कोरडी चादर पागोळीखाली का टाकली, ते त्याला तेव्हा कळलं असावं. लगेच पावसाचा आवाज परत सुरू झाला, एकदम, दार उघडल्यासारखा. ज्ञानू थांबला नाही. दोन्ही हातांनी लाल चिखल उचलून तो आमच्यावर फेकत सुटला. डोक्यावर, तोंडावर, स्नेहलच्या मोकळ्या केसांवर.

"लोळ, मर्दा," तो म्हणाला. "वहिनीला घिऊन लोळ."

मी स्नेहलला मिठी मारून चिखलात पाडलं. तिच्या केसांत चिखल चोळला, माझ्या केसांत चोळला. आमच्या अंगावरची पकड एकदा आवळली आणि सुटली. स्नेहल खोकली. मग तिनं आकाशाकडं तोंड उघडलं आणि पाऊस प्यायला लागली. पाणी तिच्या कपाळावर पडत होतं, गालांवरून वाहत होतं, कानात जात होतं. इतकी वर्षं मी लोकांना पावसापासून आडोसा विकतोय. माणूस भिजताना बघून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

आम्ही काही उचललं नाही. झोळ्या, छतं, पिशव्या, सगळं तिथंच. स्नेहलला दोन्हीकडून धरून उतरायला लागलो. मागं पाला वाजत होता. आम्ही थांबलो की थांबायचा. शालूबाईच्या भाताच्या वावरापर्यंत तो आवाज आला. तिथं ज्ञानूनं आम्हाला बांधावरून नेलं नाही, सरळ वावरातल्या पाण्यात उतरवलं, गुडघाभर. रोपं तुडवत आम्ही गेलो. वावरात पालाच नाही, तेव्हा आवाज थांबायचाच होता. तो तेवढ्यासाठीच थांबला का, ते मला सांगता येणार नाही.

शालूबाई ओट्यावर उभी होती. आमचा तिघांचा अवतार बघून तिनं तुडवलेल्या रोपांबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनं आम्हाला आधी पागोळीखाली बसवलं, चिखल निघून दात वाजायला लागेपर्यंत, आणि मगच घरात घेतलं. स्नेहल तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, की दिवस मावळायला किती अवकाश आहे, तिला भूक लागली आहे. ते ऐकून ज्ञानू तोंड फिरवून बसला. तो रडत होता, पण आम्ही बघितलं नाही असं दाखवलं.

७

कोल्हापुरात डॉक्टरांनी तिला सलाईन लावलं. अंगातलं पाणी एवढं कमी झालं होतं, की कुठल्या वाळवंटात गेला होता असं त्यांनी विचारलं. गगनबावड्याला, असं सांगितल्यावर ते बराच वेळ हसले. आम्हीही हसलो.

स्नेहल लवकर बरी झाली. केस मात्र टोकांकडून तुटायला लागले, म्हणून तिनं ते आखूड कापले. तिला ते शोभतात. आईला पटायला वेळ लागला. मी विचारलं तेव्हा स्नेहलनं सांगितलं, की तिला काही आठवत नाही, फक्त कुणीतरी आपली फार काळजी घेतंय असं वाटत होतं. तिच्याजवळ त्याचं शास्त्रीय कारण आहे. फार गारठलं की माणसाला उलटं गरम व्हायला लागतं, तो अंगावरचे कपडे काढतो, भलतंसलतं बोलतो. मी दुकानात बसून विचार करतो तेव्हा मलाही ते पटतं. आम्ही तिघंही गारठलो होतो. तिघांनाही भास झाला असेल. चादरीचं आणि बुटांचं काहीतरी कारण निघेल.

तात्यांना आम्ही एवढंच सांगितलं, की सामान वर राहिलं. ते वैतागले. नव्या झोळ्या, नवं कापड, असं सोडून कोण येतं. मी तेव्हापासून आणखी झोळ्या शिवल्या नाहीत. हूडची कामं भरपूर आहेत.

दिवाळीच्या सुमाराला ज्ञानू मावशीकडं गेला होता. पाऊस कधीच संपला होता, भात कापायला आलं होतं, आकाश निळं होतं. वाडीतली दोन माणसं बरोबर घेऊन तो भर दुपारी रानात जाऊन आला. तिथून तो थेट मंगळवार पेठेत आला. तात्यांनी चहा मागवला. स्नेहलही कॉलेजातून येऊन दुकानात बसली होती.

ज्ञानूनं सांगितलं, की सगळं जागच्या जागी आहे. छतं ताणलेली, तिन्ही झोळ्या टांगलेल्या, दोऱ्या घट्ट, त्यानं स्वतः सोडायला घेतलेलीसुद्धा. सबंध पावसाळा गेला, पण छतावर पान नाही, कोळ्याचं जाळं नाही, पाखराची विष्ठा नाही. कापड दुकानातून आत्ताच काढल्यासारखं. खालचा पाला झाडून एका बाजूला केलेला. वारं नव्हतं, असंही त्यानं सांगितलं.

मग आणायला काय झालं होतं, असं तात्यांनी विचारलं.

ज्ञानू चहावर फुंकर घालत राहिला. चहा निवला होता. त्यानं एकदा स्नेहलच्या आखूड केसांकडं बघितलं आणि नजर खाली घेतली.

"दोन रिकाम्या हुत्या, तात्या," तो म्हणाला.